झुल्यातला वरवंटा

डिसेंबरातल्या एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, सुरभी कडुनिंबाखालच्या झुल्यात झोपली. सातवा महिना सुरू होता आणि कित्येक दिवसांत तिला धड झोप नव्हती. कूस बदलली की पाठ धरायची. सासू वच्छलाबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सुनेच्या तोंडावरची माशी हाकलायला त्या मधूनच उठत होत्या.

झुला डब्यातून आला होता. वच्छलाबाईंचा मुलगा अंकुर राळेगावला शाळेत शिकवायचा आणि सुट्टी मिळाली की डोंगर चढायचा. त्याने पुण्याच्या एका कंपनीची वर्गणी भरली होती. रानावनात वापरायच्या वस्तूंचा डबा दर तीन महिन्यांनी येणार. वापरून पाहायचं, मत कळवायचं, नको ते परत करायचं. कुरिअरवाला गावापर्यंत येत नाही, म्हणून पहिला डबा अंकुरने राळेगावच्या बसस्टँडवरून मोटरसायकलला बांधून आणला. त्यात घडीचा पेला निघाला, शिट्टी निघाली, डोक्याला बांधायचा दिवा निघाला आणि हा कापडी झुला. दिवा विठ्ठलरावांनी लगेच तुरीच्या राखणीसाठी ताब्यात घेतला.

"डुकरं दिव्याले भेतेत का तुमाले?" वच्छलाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"तुले मी भेतो, तसे थे मले भेतेत," विठ्ठलराव म्हणाले.

तासाभराने सुरभी उठून आत गेली. वारा सुटला आणि झुला हलू लागला. वच्छलाबाईंनी सूप तसंच टाकलं, धावत जाऊन झुला दोन्ही हातांनी धरला.

"अंकुर, सोड हे. आत्ताच सोड."

"काहून? काय झालं?"

"रिकामा हालून राह्यला."

"अवं आई, हा पाळना नोय. झुला हाये. जंगलात झोपाले बांधतेत."

"दोनी टोकं बांधली, मधात जीव निजला, मंग पाळनाच झाला. रिकामा पाळना हालू देऊ नाई. लेकराले बाधते."

"लेकरू यायचं हाये अजून."

"म्हनूनच तं!"

अंकुर हसता हसता थांबला. मागच्या वर्षी सुरभी पाचव्या महिन्यात दवाखान्यात गेली होती आणि रिकाम्या ओटीने परतली होती. घरात त्यावर कोणी बोलत नसे. त्याने गाठी सोडल्या.

पुढच्या काही रात्री सुरभीने भिंतीला टेकून काढल्या. शेवटी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आई, मले झोप त्या झुल्यातच लागली होती. बांधू द्या ना."

"अन् वारा आला म्हंजे?"

"मी धरला होता त्या दिवशी. उतरली अन् धरूनच उभी होती. पन किती वेळ धरू? बाथरूमले जा लागलं."

वच्छलाबाईंनी सुनेकडे पाहिलं. ही शिकलेली, दारव्ह्याच्या कॉलेजातली पोर आपल्या बोलण्याला मनात हसत असेल, असं त्यांना वाटत आलं होतं.

दुपारी त्यांनी पाट्यावरचा वरवंटा उचलला. घासून धुतला, पुसला, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटाच तर निजवतात.

"बांध रे अंकुर," त्या म्हणाल्या. "आता रिकामा राहत नाई."

तेव्हापासून सुरभी झुल्यात शिरताना वरवंटा काढून पारावर ठेवायची आणि उतरली की परत आत निजवायची. तिची झोप सुधारली. तक्रार होती ती विठ्ठलरावांची.

"मंग चटनी कायनं वाटान?"

"मिक्सर हाये."

"मिक्सरची चटनी म्हंजे तिखट पानी."

"नातवाची वस्तू हाये थे. मांगतानी लाज वाटू द्या."

अंकुरने कंपनीला झुल्याचा फोटो पाठवला. दोन दिवसांनी तिकडून एका मुलीचा फोन आला. तो त्याने स्पीकरवर घेतला.

"सर, झुल्यात गुंडाळून काय ठेवलंय?"

"वरवंटा."

"अच्छा, वजन तपासायला?"

अंकुरने आईकडे पाहिलं. "नाही. झुला रिकामा राहू नये म्हणून."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. "मग मी 'समाधानकारक' लिहू का? आणि परत करायचा असेल तर..."

"तिले सांग," वच्छलाबाई मोठ्याने म्हणाल्या, "बाळंत होईपर्यंत भेटत नाई."

आठवा महिना लागला. सोमवारी सुरभी बाळंतपणासाठी माहेरी दारव्ह्याला जायची होती. त्याआधीच्या शुक्रवारी सकाळी, ती झुल्यात असतानाच, पोटात कळा सुरू झाल्या. शेजारच्यांची गाडी मिळाली. अंकुर आणि विठ्ठलराव तिला घेऊन यवतमाळला निघाले. गुरांसाठी वच्छलाबाई मागे राहिल्या. गाडीत बसता बसता सुरभीने काच खाली केली.

"आई, वरवंटा पारावर राह्यला."

"ठेवतो मी. तू जाय," वच्छलाबाई म्हणाल्या.

गाडी वळणाआड गेली तेव्हा त्यांनी वरवंटा झुल्यात निजवला.

दुपारी अंकुरचा फोन आला. इंजेक्शन दिलं आहे, कळा थोड्या कमी आहेत, बाळाचे ठोके लागतात. सुरभीला दाखल करून घेतलं आहे. डॉक्टर संध्याकाळी पुन्हा तपासणार आहेत. तोपर्यंत काही सांगता येत नाही.

वच्छलाबाईंनी गुरांना पाणी दाखवलं आणि फोन घेऊन पारावर येऊन बसल्या. वारा सुटला होता. वरवंट्याच्या वजनाने झुला थोडाच हलत होता; तरी त्यांनी एक हात त्यावर ठेवला. दिवेलागणीपर्यंत दुसरा फोन आलेला नव्हता.