राजसीचं आमेन

भारतीने बेलवर बोट ठेवलं आणि न दाबताच मागे घेतलं. दोन पायऱ्या खाली थांबलेल्या हेमंतने वर पाहिलं. त्याच्या काखेत बायबल होतं.

"आज तुम्ही करा प्रार्थना," ती म्हणाली.

"मालिनीताईंनी तुझं नाव घेतलंय. लोक वाट बघतायत."

त्यानेच पुढे होऊन बेल दाबली.

खरवईतल्या भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचा हेमंत पाळक होता. पाळकाची बायको म्हणून सकाळी दहापासून भारतीला प्रार्थनेसाठी फोन येत. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची नोकरी. ती डोळे मिटायची आणि शब्द आपोआप यायचे. एकटी असताना मात्र गेलं वर्षभर एकही शब्द येत नव्हता. पहाटे उठून ती बायबल उघडायची, एकाच पानावर हात ठेवून बसायची, आणि दूधवाला आला की मिटून ठेवायची. एकदा ती हेमंतला म्हणाली होती, मला काही दिवस यातून मोकळं करा. "मंडळीला काय सांगू?" एवढंच त्याने विचारलं. पुन्हा तिने विषय काढला नाही.

कुळगावातलं मालिनीताईंचं घर माणसांनी भरलं होतं. त्यांच्या राजसीला जाऊन आज वर्ष झालं. कॉलेजात शिकणारी मुलगी, रक्ताचा कॅन्सर. याच खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर, तिच्या कपाळावर हात ठेवून भारती म्हणाली होती, "प्रभूने मला सांगितलंय, तू बरी होणार." जमलेल्या बायका रडल्या होत्या. राजसी "आमेन" म्हणाली होती. अकराव्या दिवशी ती गेली.

गीत संपलं. हेमंतने वचन वाचलं.

"भारतीताई, आता तुम्ही करा प्रार्थना," पलंगावर बसलेल्या मालिनीताई म्हणाल्या.

माना खाली झाल्या. भारती उभी राहिली.

"हे प्रेमळ स्वर्गीय पित्या..."

पुढचे शब्द नेहमीसारखे ओठांपर्यंत आले. तिने ते येऊ दिले नाहीत. पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली. कुणीतरी खोकलं.

"भारती," हेमंत हळूच म्हणाला.

तिने डोळे उघडले.

"मालिनीताई, मला कुणी काही सांगितलं नव्हतं. राजसी बरी होणार, हे मी माझ्या मनाचं बोलले. तुमचा चेहरा बघवत नव्हता. आणि नाव देवाचं घेतलं."

कुणीही मान वर केली नाही. हेमंत बायबलच्या पानाची कड बोटाने सरळ करत राहिला.

मालिनीताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. तो परत लावायला त्यांना वेळ लागला.

"राजसीला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर मी तिला म्हटलं, बघ, देव बोलला. तर म्हणाली, देव नाही गं आई, मावशी बोलल्या. बोलताना त्या तुझ्याकडे बघत होत्या."

"मग आमेन कशाला म्हणालीस, मी विचारलं. म्हणे, त्यांना एकटं वाटू नये म्हणून."

त्या पुढे म्हणाल्या, "मला राग आला होता तुमचा. अजून आहे थोडा."

त्या पलंगावर सरकल्या आणि शेजारची जागा मोकळी केली. भारती तिथे जाऊन बसली. हेमंतने प्रार्थना सुरू केली नाही, दुसऱ्या कुणीही केली नाही. खाली रस्त्यावर एक रिक्षावाला गिऱ्हाईकाशी हुज्जत घालत होता.

बऱ्याच वेळाने भारतीने मान खाली घातली आणि तिच्या तोंडून काहीतरी निघालं, इतकं हळू की मालिनीताईंना कान जवळ न्यावा लागला.

"काय म्हणालात?"

"तुम्हाला नाही म्हणाले," भारती म्हणाली.