अंगठा दाबला की गप्प

मेंदूज्वरातून थोरली वाचली, पण कान तिकडेच ठेवून आली. घरात तिचा शब्द शेवटचा, म्हणून शेजारीपाजारीही तिला थोरलीच म्हणत. अशा बाईला आता दार वाजलेलंही कळेना.

कानाच्या डॉक्टरांनी समोर बसून, ओठ सावकाश हलवत समजावलं. "कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी नळी असते, तिच्यात पाणी. या तापानंतर कधीकधी तिथे हाड भरायला लागतं. नळी मोकळी असेल तरच ऐकू येण्यासाठी बसवायच्या यंत्राची तार आत सरकेल. आधी फोटो काढू. उशीर नको, हाड काही आपल्यासाठी थांबत नाही."

थोरलीला कान हवेच होते. नातवंडांचे बोबडे बोल ऐकायचेत, असं ती चारचौघांत सांगायची. खरं कारण भांडण. ओठ वाचायला ती चटकन शिकली होती, पण सून मुलखाची लबाड. ऐन रंगात आलेल्या भांडणात पाठ फिरवायची. मग मागून नुसते खांदे हललेले दिसायचे. न ऐकलेल्या टोमण्याला उत्तर तरी काय द्यायचं? इतकी वर्षं एकही भांडण न हरलेली बाई आता हरतेय की जिंकतेय, हेसुद्धा तिला कळत नव्हतं.

फोटोच्या मशीनवर एक तरुण बाई होती. तिने बांगड्या, पिना, कानातलं, चष्मा सगळं उतरवून घेतलं आणि वर हात पुढे करून म्हणाली, "आजी, कवळी."

"कवळी? फोटो कानाचा आहे ना?"

"तिच्यात तार आहे. मशीन लोहचुंबकाचं आहे."

थोरलीने तोंड फिरवून कवळी काढली आणि पदराआडून सोबत आलेल्या सुनेकडे दिली. सुनेने ती अशी दोन बोटांत धरली, की थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

आता खरी अडचण. मशीनमध्ये झोपलेल्या माणसाला मशीनवाली कर्ण्यातून सूचना देते. बहिऱ्याला कर्ण्याचा काय उपयोग? मशीनवालीनेच तोड काढली. मशीनचा आवाज प्रचंड, म्हणून सुनेने कानात बोळे घालून पायाशी उभं राहायचं, सासूच्या पायाचा अंगठा धरायचा आणि काचेपलीकडून खूण झाली की दाबायचा. दाबला की हलायचं नाही, गिळायचं नाही, बोलायचं तर अजिबात नाही. सोडला की मोकळं.

"हिने धरायचा?" थोरली म्हणाली.

"मुलाला बोलावू?" मशीनवालीने विचारलं.

"नको. तो उभ्याउभ्या झोपतो."

थोरलीच्या तोंडावर पिंजऱ्यासारखं झाकण बसलं. त्याला छोटासा आरसा होता आणि त्यात थेट पायाकडचं दिसत होतं. चष्मा फक्त जवळच्यासाठी. लांबचं तिला घारीसारखं दिसायचं. आरशात सून उभी होती, आणि पहिल्यांदाच तिला पाठ फिरवायची सोय नव्हती.

अंगठा दाबला गेला. सगळं थरथरू लागलं. आणि आरशातले सुनेचे ओठ हलले. 'आता कशा सापडल्या!'

"कोण सापडलं गं, सटवे!" थोरली बिनदातांची कडाडली.

फोटो गेला. मशीनवाली आत आली, झाकण उघडून समोर वाकली. "आजी, जबडा हलला की आतलं सगळं पुसट येतं. नळी केसासारखी बारीक. आज एकदाच आणखी काढता येईल, मग पुढची वेळ थेट दोन महिन्यांनी."

दोन महिने. थोरलीच्या डोळ्यांपुढे हाड भरू लागलं, दाण्यादाण्याने, कणगी भरावी तसं.  तिने मान डोलावली.

पुन्हा अंगठा दाबला गेला. सुनेला आता पक्कं कळलं, की ही बाई उत्तर देऊच शकत नाही. मग काय विचारता! तिने पदर खोचला आणि बोळे घातलेल्या कानांनिशी सुरू झाली.

'रोज मीठ जास्त म्हणता आणि रोज दोनदा वाढून घेता.'

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकाला भिडली. पण मस्तक पिंजऱ्यात होतं.

'माझ्या माहेरच्या माणसांना भिकारडं म्हणालात. तापात रात्ररात्र तुमच्या उशाशी माझीच आई बसली होती.'

हे थोरलीला ठाऊक नव्हतं. विचारावंसं वाटलं, जीभ टाळूला चिकटवून धरली.

'आणि पाठ फिरवते म्हणून जळफळता ना? मी काही बोलतच नसते. नुसते खांदे हलवते. तुम्ही चिडावं म्हणून.'

थोरलीला हसू फुटलं. आत, छातीत कुठेतरी. ते बाहेर येऊ लागलं, तशी तिने डोळे मिटून घेतले. मुठी आवळल्या. हसूही नाही आणि शिवीही नाही. आयुष्यात एवढी मेहनत तिने कधी केली नव्हती. अंगठा मात्र सुनेने घट्ट धरलेला होता, आणि तो हात गारठलेला होता. बोलण्यात कितीही झणका असला तरी हाताला भीती होती. मशीन थांबेपर्यंत थोरली त्या हाताकडेच लक्ष लावून पडून राहिली.

अंगठा सुटला. कवळी बसवली गेली. सून दोन पावलं मागे सरून उभी राहिली, वादळाची वाट बघत. थोरली म्हणाली, "तुझी आई किती रात्री बसली होती?"



संध्याकाळी डॉक्टरांनी पडद्यावर फोटो दाखवला. उजवीकडची नळी काळवंडलेली. डावीकडे मात्र अडीच वेढ्यांची पांढरी, लखलखीत रेघ. "उजवीत हाड भरलंय. डावी मोकळी आहे. या आठवड्यात ऑपरेशन करू."

थोरली पडद्याजवळ गेली. "एवढंसं? एवढ्याशा गोष्टीने घर डोक्यावर घेतलं?"

"ऑपरेशन झालं की लगेच नीट ऐकू येणार नाही हं," डॉक्टर म्हणाले. "सुरुवातीला सगळे आवाज डब्यात खडे वाजवल्यासारखे येतील. रोज कोणीतरी समोर बसून भरपूर बोलायला हवं, म्हणजे मेंदूला सवय होईल. घरात आहे कोणी तसं बोलणारं?"

मुलगा खुर्चीत पेंगत होता. थोरलीने सुनेकडे बोट केलं.

"ही बसेल. हिच्याकडे पुष्कळ साठलंय. आज निम्मंसुद्धा झालेलं नाही."

सून गोरीमोरी झाली, पण थोरलीसमोर येऊन ओठ नीट हलवत म्हणाली, "बसेन. पण आई, मध्ये बोलायचं नाही."

"ते मशीनपुरतं होतं," थोरली म्हणाली.