स्वच्छ नमुना

शुक्रवारचं जेवण आटोपलं आणि आकिबने खिशातली पट्टी काढून एक गोळी पाण्याबरोबर गिळली. मनामाजवळच्या सनद या उपनगरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये समोरच बसलेल्या आबिदाने पट्टीवरचं नाव वाचलं. गोळी नैराश्यावरची होती.

आकिब तिचा धाकटा भाऊ, मनामाच्या एका बँकेत अधिकारी. अॅमेझॉनच्या जंगलातला आयाहुआस्का नावाचा काढा जुनाट नैराश्यात मेंदूचं तेच ते विचारचक्र सैल करतो का, हे तपासणाऱ्या प्रयोगासाठी तो रविवारी दुसऱ्या तुकडीबरोबर युरोपात निघणार होता. आखातातले स्वयंसेवक निवडले जात ते आबिदाच्या प्रश्नावलीवर. भावाची मुलाखत अर्थातच तिने घेतली नव्हती, सहकारी नुसरतने घेतली. नीतिनियम इतके काटेकोर होते. आखाती गटातला एकही जण कोणतंच औषध घेत नाही, म्हणून आपल्या शोधनिबंधात तिने त्या गटाला 'स्वच्छ नमुना' म्हटलं होतं. वर्षानुवर्षं नैराश्याने पिचलेली माणसं आणि गोळी एकालाही नाही, हे कोणत्याही विद्वानाला खटकलं नव्हतं. तिलाही नाही.

"कधीपासून घेतोस?"

"अम्मी गेल्यापासून."

"आणि नुसरतने विचारलं तेव्हा?"

"नाही म्हटलं." त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "आपा, व्हिसाच्या मेडिकलला तू कधी हो म्हटलंयस? नाही म्हणायचं, सही करायची, खलास."

तिने नव्हतं म्हटलं. तिची अर्धशिशी दर खेपेला त्या काउंटरपुरती बरी होत असे.

तिने त्याला समजावलं. सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन मोडणारी शरीरातली यंत्रणा तो काढा बंद पाडतो, आणि ही गोळी तेच सेरोटोनिन वाढवते. दोन्ही एकत्र आली तर ताप, झटके, कदाचित मृत्यू. उद्यापासून गोळी बंद करतो, असं तो म्हणाला. अंमल उतरायला आठवडे लागतात, आणि ती अशी एकदम तोडायचीही नसते, असं तिने सांगितलं.

"मग घरी लग्न आहे म्हणतो, तिकीट रद्द करतो. माझं नाव तेवढं सांगू नकोस. बँकेत कळलं तर संपलं."

"आणि तिथे पोचलेली आपली पहिली तुकडी? उद्या सकाळी पितायत ते. सगळे नाहीच म्हणालेत."

"ते तर म्हणणारच."

तो हे अगदी सहज बोलला. तिने लगेच युरोपातल्या, प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टरला फोन लावला आणि प्रयोग थांबवायला सांगितलं. तो सौजन्याने हसला. नमुना स्वच्छ असल्याचं प्रमाणपत्र तिनेच दिलं होतं. आता शंकेला आधार काय, असं त्याने विचारलं.

आबिदाने आकिबकडे पाहिलं. तो मान हलवून नको म्हणत होता.

"माझा भाऊ," ती फोनमध्ये म्हणाली, आणि त्याचं पूर्ण नाव सांगितलं. गोळीचंही.

पलीकडे हसू थांबलं. उद्याचा काढा रद्द, प्रत्येकाची रक्ततपासणी होईल, असं डॉक्टर म्हणाला.

आकिब उठला, चपला घालू लागला.

"अम्मीचा आजारसुद्धा तू कधी कुणाला कळू दिला नाहीस," तो म्हणाला. "आणि मला मात्र आजारी म्हणून नोंदवलंस."

दार त्याने आवाज न करता ओढून घेतलं. डॉक्टर दुसऱ्या तुकडीतल्या बाकीच्यांची नावं विचारत होता. आबिदा सांगू लागली.