चांगुणाबाईची जागा

संध्या कलबुर्गीहून येणार म्हटलं की पिराजीअप्पा सकाळीच दाढी करून घेत. एरवी आठ-आठ दिवस खुंट वाढलेले असायचे, आणि तेच तोंड घेऊन ते शिवकन्येच्या हातची भाकरी खायचे. शिवकन्या थोरली लेक, दुबलगुंडीतच दोन गल्ल्या सोडून दिलेली. नवरा मन्नाएखेळ्ळीला हायवेवरच्या गॅरेजात, तेव्हा शेत, म्हैस आणि बाप हे तिन्ही हिच्याच गळ्यात. बापाच्या गोळ्या हिला पाठ, त्यांना कुठली भाजी बाधते ते हिला ठाऊक. पण दाढी व्हायची ती धाकट्या संध्यासाठी. आता दाढी ही काय मनाला लावून घ्यायची गोष्ट आहे? पण शिवकन्येनं लावून घेतली होती, आणि वर्षानुवर्षं निगुतीनं जपली होती.

संध्या कॉलेजात शिकवायची. वर्षभरापासून तिनं घराण्याचा शोध मांडला होता. चिटगुप्पा म्हणू नका, हुमनाबाद म्हणू नका, जिथं जिथं नात्यातलं कुणी राहून गेलं तिथल्या मसनवट्यात ही मोबाइल घेऊन हिंडायची. म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाताला धरून न्यायची आणि कुठल्या उंचवट्याखाली कोण आहे ते विचारायची. आपल्या लोकांची नावं ना दगडावर, ना दप्तरात. जी काही आहेत ती मातीत, असं तिचं म्हणणं. शिवकन्या तोंडावर हसायची. शेतात तण माजलेलं असताना मसनात हिंडायला पगारी सुट्टी मिळते, हेही तिला खुपायचंच.

दसऱ्याच्या सुट्टीत संध्या आली आणि जेवताना तिनं अप्पांना त्यांच्या आईचं विचारलं. चांगुणाबाई. अप्पांचा हात ताटातच थांबला. आई गेली तेव्हा ते रांगत होते. बापानं त्यांना उचलून सोलापूरला गिरणीत नेलं, ते परतले तेव्हा मिसरूड फुटलेलं. आईला कुठं माती दिली ते त्यांना माहीत नव्हतं. जागेला निदान हात तरी लावला असता, एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले. शिवकन्येच्या तव्यावरची भाकरी करपली.

कारण जागा तिला ठाऊक होती.

आत्यानं दाखवली होती. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा ती जाणती होती आणि गावातच राहिली. मसनवट्यातल्या लिंबाच्या झाडाखाली, आईच्याच फुटक्या जात्याचा अर्धा दगड उशाला पुरलेला. दर येळवसला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, सगळा गाव शेतात भज्जी-आंबील खायला गेला की आत्या तांब्याभर आंबील घेऊन तिथं जायची. सोलापुरात धम्माची दीक्षा घेऊन आलेल्या तरण्या पिराजीनं एकदा ते बघितलं ते मसनवट्याच्या वाटेवरच. मेल्या माणसाला जेवण कशाला, म्हणून त्यानं आंबिलीचा तांब्या पायानं उडवला. आत्यानं त्या दिवसापासून भावाला जागा सांगितली नाही ती मरेपर्यंत. सांगितली फक्त शिवकन्येला. आत्या गेल्यावर येळवसचा तांब्या शिवकन्येकडे आला, आणि बापाच्या भीतीनं तिनंही तो पदराआड नेला.

एवढी वर्षं तिला वाटायचं, कधीतरी अप्पा विचारतील. मग आपण सांगू. आणि त्यांनी तोंड उघडलं ते कुणासमोर? तर संध्यासमोर.

दुसऱ्या दिवशी संध्या तिला घेऊन मसनवट्यात गेली. आत्या काही बोलली होती का, तू तर तिच्या मागंमागंच असायचीस, असं तिनं विचारलं. खरं सांगायचं तर शिवकन्या सांगणारच होती. शब्द तोंडापर्यंत आले होते. तेवढ्यात अप्पांचा फोन आला. बघाच अप्पा, मी आज्जीला शोधून काढतेच, असं संध्या लाडात म्हणाली आणि फोनमधून अप्पा हसले. मनमोकळं, खळखळून. हे हसू शिवकन्येनं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. तिच्या वाट्याला यायचं ते 'मीठ कमी हाय' एवढंच. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. संध्यानं फोन ठेवताच तिनं पार पलीकडे, बोरीजवळच्या एका बेवारशी उंचवट्याकडे बोट केलं.

"हितं हाय म्हणायची आत्या."

संध्यानं तिला मिठी मारली. शिवकन्या लाकडासारखी उभी राहिली, पण आतून तिला गार वाटलं. घे, घे तुझी आज्जी. माझी माझ्याकडे राहू दे.

गार वाटणं फार दिवस टिकलं नाही. माझ्या धाकटीनं माझी आई हुडकून काढली, असं अप्पा पारावर सांगू लागले, पिठाच्या गिरणीत सांगू लागले, डॉक्टरलासुद्धा सांगून आले. थोरलीचं नाव कुठंच नाही. संध्यानं कलबुर्गीहून शहाबादी दगड घडवून आणला, त्यावर चांगुणाबाईचं नाव कोरलेलं. आदल्या दिवशी तो बोरीजवळ सिमेंटात बसवलाही.

रविवारी दहा-पंधरा माणसं जमली. तुरी फुलावर होत्या, सकाळी चांगलं थंड होतं. मेणबत्त्या लावल्या, त्रिसरण-पंचशील झालं. अप्पांना बसायला प्लास्टिकची खुर्ची आणली होती; दाढी अर्थातच गुळगुळीत. ते कुणाचा आधार न घेता खाली बसले. दगडावरून हात फिरवला, मग दगडाच्या बाजूच्या मोकळ्या जमिनीवर थोपटल्यासारखं केलं.

"मी गेलो की मला हितंच ठिवा," ते म्हणाले. "जित्तेपणी आईच्या कुशीत झोपल्याचं आठवत न्हाई. आता तरी झोपतो."

आजवर हा सगळा मामला शिवकन्येच्या डोक्यात तिचा आणि संध्याचा होता. त्यात बापाला असं कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या कुशीत कायमचं झोपवावं लागेल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. गप्प राहिलं तर कुणालाही, कधीही कळणार नव्हतं. लिंबाखालची जागा तिची एकटीची राहिली असती. तिनं तेवढा विचारही केला, खोटं कशाला बोला.

"अप्पा," ती म्हणाली, "हितं न्हाई."

सगळे तिच्याकडे बघू लागले. मग तू त्या दिवशी का दाखवलंस, असं संध्यानं विचारलं, आणि शिवकन्येनं खोटं सांगितलं होतं म्हणून सांगून टाकलं.

"कामून, अक्का?"

"तू कामून हुडकायचीस? मी हितं मेले हुते का? मला एका शब्दानं कुणी इचारलं न्हाई."

हे ती संध्याकडे बघून बोलली, पण ऐकायचं होतं ते अप्पांनी. अप्पांनी मान खाली घातली. मग हात पुढं केला. शिवकन्येनं त्यांना उठवलं आणि लिंबाखाली नेलं. पालापाचोळा हातानं बाजूला सारला. अर्धं जातं वर आलं.

अप्पांनी त्याच्यावरच्या टाकीच्या घावांवरून बोटं फिरवली. मग त्यांनी विचारलं, आत्यानंतर आंबील कोण ठेवतं. शिवकन्येला आता बोलणी बसणार असं वाटलं. तरी तिनं मीच म्हणून सांगितलं, दर येळवसला.

"चांगली आंबलेली असती न्हवं?"

"व्हय अप्पा."

ते बरं म्हणाले आणि पाठीमागं वळून त्यांनी हाक मारली, संध्या, ये गं, आज्जीला हात लाव. झालं. शिवकन्येनं मनात म्हटलं, एवढं सगळं होऊनसुद्धा संध्याच.

पण संध्या पुढं आली नाही. बोरीजवळ माणसं ओलं सिमेंट फोडून दगड उचलायच्या खटपटीला लागली होती, तिकडेही तिचं लक्ष नव्हतं. ती रागावलेलीही दिसत नव्हती. पदर तोंडाला लावून रडत होती.

"दुसरीत असताना मला बिदरला हॉस्टेलात ठिवलं," ती म्हणाली. "आत्या गेली तवा परीक्षा हाय म्हणून कळिवलं बी न्हाई. तुला घर मिळालं, आत्या मिळाली, अप्पा मिळाले. मला सुट्टी मिळाली. म्हणून मी मसनं धुंडत फिरायले, अक्का."

आपला हेवा कुणी करत असेल, तीही संध्या, हे शिवकन्येच्या सात जन्मांत मनात आलं नसतं. तिला वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं. तिनं संध्याला ओढत आणून तिचा हात जात्यावर ठेवला.

परतताना संध्यानं हळूच विचारलं, या येळवसला मला बी आणशील का. शिवकन्या थांबली. तेवढी एकच गोष्ट तिची एकटीची होती.

"ये," ती शेवटी म्हणाली. चार पावलं गेल्यावर परत थांबली. "पर आंबील मीच करणार. तू निस्ता तांब्या धर."