बोटभर आखूड

सकाळी दहाच्या सुमारास गाडी धूर तपासणीत दुसऱ्यांदा नापास झाली. तपासनीसाने खिडकीतून कागद बाहेर सरकवला आणि सांगितलं, "संध्याकाळी सहापर्यंत परत आणा. पास झाली तर ठीक. नाहीतर परवाना संपला, गाडी भंगारात." गाडी चालवणाऱ्या काकूंनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि गाडी गॅरेजच्या दिशेने वळवली.

मित्रांनो, त्या वेळी मी बॉनेटखाली, इंजिनाच्या मागच्या अंगाला होते. मी एक जुनी रबरी नळी आहे. करंगळीहून बारीक, काळी, वितीपेक्षा थोडी जास्त लांब. बॉनेट उघडून बघणाऱ्यांतल्या बहुतेकांना मी दिसतही नाही.

एका कारखान्यात गरम रबरातून मला ओढून काढलं. तेव्हा मी खूप लांब होते आणि मोठ्या रिळावर गुंडाळलेली होते. एका कामगाराने पात्याने माझे तुकडे केले. बाकीचे तुकडे कुठल्या गाड्यांत गेले, ते मला कधी कळलं नाही.

माझं काम सांगायला सोपं आहे, पण लोकांना ते पटकन पटत नाही. पेट्रोलच्या नळीतून पेट्रोल जातं, पाण्याच्या नळीतून पाणी. माझ्यातून काहीच जात नाही. इंजिन हवा आत ओढतं, ती ओढ मी एका गोल, पत्र्याच्या झडपेपर्यंत नेते. गाडी वेग धरू लागली की ओढ झडपेपर्यंत पोचते, झडप उघडते आणि जळून गेलेला थोडा धूर परत इंजिनात जातो. त्याने आतली आग जरा निवते आणि गाडीच्या मागून बाहेर पडणारा विषारी वायू कमी होतो. मी ओढायचं, तिने उघडायचं. आम्ही दोघी हे काम वर्षानुवर्षं करत होतो. आमचं कौतुक कुणी केलं नाही, कारण आमचं काम नीट चाललं की काहीच जाणवत नाही.

गाडी पडदेवाल्या जोडप्याची होती. काकू पडदे शिवायच्या, काका घरोघरी जाऊन दांडे ठोकून ते लावायचे. मागच्या सीटवर कापडाचे तागे, टपावर बांधलेले दांडे, काकांच्या खिशात टेप आणि खडू. गाडी नसती तर हा धंदा चालला नसता. आजही काकू एकट्याने तो गाडीच्याच जोरावर चालवतात.

काही वर्षांपूर्वी एका दुपारी वाटेत गाडी हिसके देऊ लागली. काकांनी ती बाजूला घेतली आणि बॉनेट उघडलं. झडपेजवळचं माझं टोक इंजिनाच्या उष्णतेने चिरलं होतं आणि तिथून फुस्स आवाज येत होता. काकांनी पडद्याची कात्री आणली आणि चिरलेलं टोक छाटून टाकलं. पण मग मी आखूड झाले. त्यांनी मला ताणून पाहिलं, मी झडपेपर्यंत पोचेना. अंतर बोटभरच होतं. काकांनी खिशातून पडद्याच्या दांड्याचा एक स्क्रू काढला आणि हवा शिरू नये म्हणून माझ्या तोंडात पिळून बसवला.

"आजच्या दिवसापुरतं," ते पुटपुटले. "उद्या लांब नळी आणून घालतो."

हे वाक्य मी ऐकलं. काकूंनी ऐकलं नाही. त्या पुढच्या सीटवर मांडीवर झालर घेऊन बसल्या होत्या आणि मध्ये बॉनेट उभं होतं.

"झालं!" काकांनी बॉनेट आपटलं.

"इतक्यात?"

"मग! हात कुणाचा लागलाय?"

हिसके थांबले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या छातीत दुखू लागलं. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. ते परत आले नाहीत.

मित्रांनो, त्यानंतर माझं काम बंद झालं. इंजिनाची ओढ माझ्यात यायची, स्क्रूपाशी आदळायची आणि तिथेच राहायची. झडप बोटभर अंतरावर होती. मी तिला बघायचे. ती उघडत नव्हती, कारण उघड म्हणणारं कुणी नव्हतं. दोघी एकाच पत्र्याखाली, एकाच उष्णतेत, आणि दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. चढावर इंजिन आतून टकटक करायला लागलं. काकू म्हणायच्या, "वय झालं गं बाई तुझं."

स्क्रूला मात्र मान मिळाला. नातेवाईक आले की काकू सांगायच्या, "भर रस्त्यात पाच मिनिटांत गाडी नीट केली ह्यांनी. शेवटचं काम त्यांच्या हातचं." गॅरेजमध्ये कुणी स्क्रूकडे बोट नेलं, की त्या म्हणायच्या, "त्याला हात लावायचा नाही. ते ह्यांनी बसवलंय." मग तो माणूस दुसरंच काहीतरी पुसून बॉनेट बंद करायचा.

तपासणीतही गाडी पास होत राहिली, कारण तेव्हा ती उभ्या जागीच तपासत. यंदा नियम बदलला. गाडी जागच्या जागी फिरणाऱ्या रोलरांवर चढवून, वेगात पळवून धूर मोजू लागले. आणि आमचं बिंग फुटलं.

गॅरेजवाल्याला सगळे फुंकरशेठ म्हणत. कुठलीही नळी हाती आली की तो आधी तोंडाला लावून फुंकायचा. आज काकूंबरोबर गाडीत काकांची थोरली बहीण होती. तपासणीची रांग मोठी असते म्हणून काकूंनी तिला सोबतीला आणलं होतं, आणि सकाळपासून तिचं तोंड बंद नव्हतं.

आमचा नंबर लागेपर्यंत दुपार झाली. शेठने कागद वाचला, इंजिन चालू केलं आणि हवा ओढणारा एक छोटा हातपंप झडपेला जोडून दोनदा दाबला. झडप उघडली. इंजिन अडखळलं, बंद पडता पडता राहिलं.

"झडप ठणठणीत आहे," शेठ म्हणाला. "तिला ओढ मिळत नाहीये."

इतक्या वर्षांनी मी तिला उघडताना पाहिलं. पण तिला ओढणारी मी नव्हते.

शेठचा हात माझ्यावरून सरकत आला आणि स्क्रूवर थांबला.

"त्याला नाही," काकू म्हणाल्या. "ते ह्यांनी–"

"ताई, हेच कारण आहे. हे निघालं नाही तर सहाला काय, सहा महिन्यांनीही गाडी पास व्हायची नाही."

"दुसरं काही करता येत असेल तर करा."

शेठने फडक्याला हात पुसले. बहीण वाकून बॉनेटखाली बघत होती.

"अगं बाई, हा दांड्याचा स्क्रू!" ती म्हणाली. "लहानपणी त्याने आमचं घड्याळ दुरुस्त केलं, दोन स्क्रू उरले. रेडिओ केला, तीन उरले. आई म्हणायची, ह्याच्या हाती सायकल देऊ नका, चाक उरेल!"

शेठ हसला. काकू हसल्या नाहीत.

"वन्सं, थट्टा करू नका. त्यांचं शेवटचं काम आहे ते."

"भाऊ होता तो माझा. थट्टा मी नाही करायची तर कुणी?" बहीण म्हणाली, पण तिचा आवाज खाली आला होता.

शेठने टॉर्चचा उजेड माझ्यावर धरला. "एक सांगू का, ताई? ज्याला नळी कायमची बंद करायची असते तो ती इंजिनापासूनच काढून टाकतो आणि तिथे बूच मारतो. हे असं लोंबतं ठेवत नाही. त्यांना परत येऊन नवी घालायची असणार."

मी तेच सांगायचा प्रयत्न इतकी वर्षं करत होते. माझ्यातून आवाज निघत नाही.

"मग घातली का नाही?" काकूंनी एकदम विचारलं. "दुसऱ्या दिवशी का नाही–"

बहिणीने गाडीच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली. शेठ उगीचच टॉर्च चालूबंद करत राहिला.

काकू बॉनेटपासून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "काढा."

स्क्रू गंजून माझ्यात चिकटला होता, निघेना. शेठने मला इंजिनाच्या बाजूने सोडवलं. सवयीने तोंडाला लावून फुंकलं आणि डोकं हलवलं. मग रिळावरून एक नवी नळी कापली. दोन्ही टोकांना बसली, ताण न पडता. उभ्या गाडीचं इंजिन जोरात फिरवलं तेव्हा झडप उघडली, मिटली, पुन्हा उघडली. ते मी कामाच्या टेबलावरून पाहिलं.

"स्क्रू मला हवाय," काकू निघताना म्हणाल्या.

"नळी चिरून काढून ठेवतो. पण पास होईलच असं नाही हां, ताई. इतकी वर्षं झडप बसून होती, आत काजळी असणार. एवढ्या वेळात मी एवढंच करू शकतो."

"येताना घेऊन जाते," काकू म्हणाल्या. गाडी निघाली तेव्हा साडेचार झाले होते. टकटक ऐकू आली नाही, पण इथून तपासणी केंद्रापर्यंत चढ नाही, त्यामुळे त्यावरून काही सांगता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुठेतरी काहीतरी एका दिवसापुरतं बांधलेलं, चिकटवलेलं, बंद केलेलं असेल. ते एकदा बघा. ज्याने ते केलं त्याला परत येऊन नीट करायचं होतं. त्याचं यायचं राहिलं असेल, तर ते काम तुम्ही करा. त्यामुळे त्याचा अपमान होत नाही. आणि जुनी नळी काढाल तेव्हा ती कुठून कुठे जात होती, तेवढं एकदा विचारा. माझी तेवढीच विनंती आहे.

आता साडेसहा वाजून गेलेत. तपासणी केंद्र बंद झालं असेल. शेठने दोनदा रस्त्यावर जाऊन पाहिलं आणि परत येऊन दुसऱ्या एका गाडीचं चाक बसवायला घेतलं. मला चिरायचं त्याच्याकडून राहून गेलं आहे. मघाशी गेटपाशी एक गाडी सावकाश झाली होती. ती आमची नव्हती. शेठने शटर अर्धं ओढून ठेवलं आहे, पूर्ण नाही.