नाटकातल्या नवरीची ओटी

अगं, नुसतं ऐक. मधी बोलू नको, नायतर माझं विसरंल.

ईट गावची आपली अर्पिता हाय न्हाय का, तिनं भावकीतल्या बायकांची क्रूझर गाडी भरली आन धाराशिवला नेली, संगीत नाटक बघायला. घरादारानं बसून बघायचं, गाण्यांचं. बायका तयार झाल्या, पण म्हणाल्या, तिकडनं तसंच तुळजापूरला जायचं, देवीची ओटी भरायची. मग काय, ज्याच्या त्याच्या पिशवीत खण, नारळ, तांदूळ, आन वाटंत खायला धपाटे.

पण अर्पिताच्या डोक्यात भलतंच चाललेलं. तिची चुलती सत्यभामाकाकू. काकूच्या पोरीनं, समृद्धीनं, आपल्या मनानं कोर्टात जाऊन लगीन केलं, तवापासनं काकू तिचं नाव घरात निघू देत नव्हती. आन समृद्धी राहती कुठं, तर धाराशिवलाच. अर्पितानं तिला गुपचूप फोन केला, तू मागच्या खुर्चीवर येऊन बस, मध्यंतरात मी काकूला चहाला म्हणून बाहेर आणते. समृद्धी म्हणाली, आईनं तोंड फिरवलं तर परत म्या कुठल्या तोंडानं येऊ? अर्पितानं धीर दिला खरा, पण तिलाच काकूचा भरवसा नव्हता.

नाटक सुरू झालं. भावकीतली मथुराबाई तर प्रत्येक गाण्याला 'व्हय गं माय' म्हणून मान हलवायली, पुढचा माणूस सारखा वळून बघायला. अर्पिताचं मातर ध्यान सगळं दाराकडं. अंधारात एक ओढणी आत आली, मागं बसली. आली बाई, म्हणून हिनं श्वास सोडला.

आन तेवढ्यात स्टेजवर पोरीच्या पाठवणीचं गाणं लागलं. बाप गातोय, पेटी वाजतीय, नवरी उंबऱ्याकडं निघाली. काकू खुर्चीत ताठ झाली. अर्पिताला वाटलं, झालं, आता उठून बाहेर जाती. तर काकू हळूच म्हणाली, "पोरगी रिकाम्या पदरानं चालली की गं."

"काकू, नाटक हाय ते."

"नाटक असू दे. पोरगी तर हाय ना."

आन उठली की! पिशवी घेऊन, गुडघ्यावर हात ठेवत, बाजूच्या पायऱ्या चढून थेट स्टेजवर. नवरी झालेली पोरगी आधी गांगरली, मग तिनं गुमान पदर पसरला. पेटीवाला लई हुशार, तीच ओळ फिरून फिरून वाजवत बसला. काकूनं कुंकू लावलं, खण घातला, तांदूळ घातले, देवीचा नारळ घातला. वरनं गालावरून हात फिरवला आन म्हणाली, "माघारी येत जा गं. आई रागावली तरी येत जा."

काकू उतरायला वळली. डोळ्यावर उजेड, खाली अंधार, पायरी दिसंना. तिनं हात पुढं केला आन खालनं कुणीतरी धरला. समृद्धी. आईचा गुडघा दुखतो, पडंल म्हणून मागनं पळत आलेली.

काकूनं बघितलं. हात काय सोडला न्हाय. दुसऱ्या हातानं पिशवी चाचपायला लागली. नारळ न्हाय, खण न्हाय, सगळं वर नवरीच्या पदरात. नवरी पोरगी खाली वाकून म्हणाली, मावशी, हे घ्या माघारी. काकू म्हणाली, दिलेली ओटी कुणी माघारी घेतं व्हय? आन पिशवीच्या बुडातनं धपाट्याचं फडकं काढलं.

"ओढणी धर," समृद्धीला म्हणाली.

आन भरली की ओटी, धपाट्यांनी! समृद्धी रडायली, मथुराबाई रडायली, आन पेटीवाल्याचं वाजवणंच थांबलं. देवीला तुळजापुरात दुसरा नारळ घेता येतोय, त्याचं काय एवढं न्हाय.

पण खरी गंमत पुढं. तेवढ्यात काकू अर्पिताकडं वळली. डोळे भरलेले, पण भुवया चढलेल्या. राग हाय का माया, काय कळंना.

"हिला इथं कुणी बोलवलं?"

अख्खं नाट्यगृह अर्पिताकडं बघायलंय, आन ही मधल्या रांगेत एकटी उभी. आता तूच सांग, तू असतीस तर काय केलं असतंस?