मुद्दाम कच्चं ठेवलेलं चाक

रिमोटच्या गाडीत जास्त ताकदीची ब्रशलेस मोटर बसवायची, तर नुसती मोटर बदलून भागत नाही. ती अशी उसळी मारते, की आतल्या साध्या भागांचा भुगा होतो. म्हणून घराला लागूनच असलेल्या दुरुस्तीच्या दुकानात खिडकीपाशी बसून ताईनं महिनाभर भावाच्या गाडीचे एक्सल, बेअरिंग, डिफरन्शिअल, सगळं पोलादी करून घेतलं. मोठं दातेरी चाक तेवढं प्लास्टिकचं ठेवलं.

"या एका चाकापुरताच का हात आखडलास?" भावानं टोमणा मारला.

"गाडी आदळली की काहीतरी मोडणारच, राजा. हे मोडलं तर पाच मिनिटांत बदलता येतं. हे मोडलं नाही, तर गिअरबॉक्स फुटेल."

रिमोटच्या गाड्यांच्या क्लबचा संघ परदेशी स्पर्धेला जाणार होता. चालवायला भाऊ, आणि मेकॅनिक म्हणून पहिल्यांदाच ताई. पण निघण्याआधीच्या सरावाच्या शर्यतीत भावाची गाडी कठड्यावर आदळली आणि गिअरबॉक्सचे दोन तुकडे झाले.

क्लबचे अध्यक्ष तडक दुकानात आले. ताईनं त्यांच्यासमोरच स्क्रू काढले. आत लखलखीत पोलादी चाक! एक दातही दुखावला नव्हता.

"हे कुणी बसवलं?" अध्यक्षांनी विचारलं. "चालवणाऱ्यानं परस्पर हात लावला असेल, तर तो संघाबाहेर."

भाऊ भिंतीवरचे टायर न्याहाळत राहिला. आई आतून आली आणि तिनं ताईच्या पाठीवर हात ठेवला. असा हात शेवटचा कधी फिरला होता, ताईला आठवेना.

"हिचंच काम ते," आई म्हणाली. "दमते हो पोर. होते चूक."

भावानं एकदा, फक्त एकदा मान वर करावी, म्हणून ताईनं मनातल्या मनात देवाला हात जोडले. मान वर झाली नाही.

"मीच बसवलं," ती म्हणाली.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. संघासाठी दुसरा मेकॅनिक बघावा लागेल." अध्यक्ष निघून गेले.

भावानं मोठा श्वास सोडला. "देवासारखी धावलीस, ताई! आता तुझं ते प्लास्टिकचंच टाक बाई परत."

ताईनं डब्यातून नवं चाक काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. वर स्क्रूड्रायव्हर ठेवला. "तिकडे मी नसणार. आत्ताच शिकून घे."

त्यानं चाक उलटसुलट करून पाहिलं. "यातली आतली बाजू कुठली गं?"

ताई पाठमोरी हात धूत होती. ग्रीस काही सुटत नव्हतं.